दुरंगी सामना

घराला रंग काढायचा असे एकदा ठरले, की त्या घरातली माणसे कालपर्यंत एका टेबलावर जेवत होती हे सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही. लग्नाच्या याद्या, गावाकडची जमीन आणि घराचा रंग या तीन विषयांवर मराठी माणूस ज्या जिद्दीने भांडतो, तिच्यातली निम्मी जरी त्याने इतरत्र खर्च केली असती, तरी अटकेपारचा तो झेंडा आज तिथेच असता.

आमच्याकडे हॉलच्या रंगावरून भांडण झाले नाही. हॉल पाहुण्यांचा असतो; त्याचा रंग पाहुण्यांना आवडला म्हणजे झाले, आणि पाहुणे तोंडावर 'छान' म्हणतातच. झोपायच्या खोल्यांवरूनही झाले नाही, कारण तिथे बराच वेळ डोळे मिटून असतात. भांडण झाले ते जेवणाच्या खोलीवरून. 'खोली' हा शब्द मी आपला घराची अब्रू राखण्यासाठी वापरतो. १९८४ साली बिल्डरने दाखवलेल्या नकाशात तिला 'डायनिंग' म्हटले होते. प्रत्यक्षात हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना जी जागा वाटेत आडवी येते आणि जिथे टेबल, सहा खुर्च्या, फ्रीज आणि कांद्याबटाट्यांचे मांडणे एकमेकांना खेटून उभे असते, ती ही खोली. तिला दोन भिंती धड आहेत, तिसरीत बेसिन आहे आणि चौथी नाहीच. तर या अडीच भिंतींवरून आमच्या घरात गेल्या वर्षी दिवाळीआधी जे झाले, ते मी जाहीरपणे मांडणार आहे, कारण घरात मला बोलू देत नाहीत.

सुरुवात फार गोड झाली. सूनबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "बाबा, डायनिंगला आपण दोन रंग देऊ या का?"

मला भरून आले. गेली कित्येक वर्षे ज्या मताबद्दल मला मागासलेला समजत होते, तेच मत पुढच्या पिढीने आपण होऊन माझ्यापुढे ठेवावे! मी म्हटले, "शंभर टक्के! भिंतीला दोन रंग हवेतच." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तुम्हाला पटेल." मग आम्ही दोघांनी मिळून मुलाला पटवले. तो मोबाइलमध्ये बघत 'हो' म्हणाला, म्हणजे पटले. दोन दिवस त्या घरात सासरा आणि सून यांचे जे मतैक्य नांदत होते, ते पाहून सौ.ला काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंची इंटीरियरवाली मैत्रीण शेड-कार्ड घेऊन आली आणि उलगडा झाला. मी समजत होतो दोन रंग म्हणजे खाली एक आणि वर एक. त्या समजत होत्या दोन रंग म्हणजे एक आख्खी भिंत जर्द निळी आणि उरलेल्या दीड भिंती पांढुरक्या. याला 'हायलाइट वॉल' म्हणतात. म्हणजे सर्व भिंतींमध्ये एक भिंत विशेष. माझ्या मते सर्व भिंती छपराचे ओझे सारखेच वाहत असताना एकीलाच शालजोडी पांघरणे हा उरलेल्यांचा अपमान आहे. पण ते असो.

"अहो पण खाली काय?" मी विचारले.

"खाली कुठे काका?"

"खाली. भिंतीच्या खाली. जिथे माणसे टेकतात."

त्या मुलीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी म्हशी कुठे बांधायच्या असे विचारले होते.

तर वाचकहो, मला इथे जे म्हणायचे आहे ते असे, की जेवणाच्या खोलीच्या भिंतीला दोन रंग हे आडवेच दिले पाहिजेत. खाली गडद आणि पुसता येईल असा, वर फिका, आणि मध्ये बोटभर पट्टी. याशिवाय दिलेले सर्व रंग हे जेवणाऱ्यांसाठी नसून फोटो काढणाऱ्यांसाठी आहेत. कारण भिंत ही एक वस्तू नव्हेच. खालचा चारएक फुटांचा भाग हा माणसांचा असतो. तिथे पाठ लागते, डोके लागते, खुर्ची आपटते, पोरांचे हात फिरतात आणि वाढताना आमटी उडते. त्याच्या वरचा भाग कॅलेंडरचा, पालीचा आणि घड्याळाचा. या दोन भागांचे आयुष्य इतके वेगळे असताना दोघांना एकच कपडा शिवणे म्हणजे धोतर आणि टोपी एकाच तागातून काढण्यासारखे आहे.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात जेवणाची पंगत माजघरात बसे. पाट मांडायचे ते भिंतीला पाठ लागेल असे, कारण ताक पिऊन झाल्यावर पाच मिनिटे भिंतीला टेकून सुपारी कातरणे हा जेवणाचाच भाग समजला जाई. भिंत चुन्याची. दर दिवाळीला चुन्याची कळी पिंपात भिजायची, रटरटायची, आम्हां पोरांना 'डोळे जातील' म्हणून लांब हाकलले जायचे, मग त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ पडायची आणि कुंच्याने सगळा वाडा पांढराशुभ्र व्हायचा. तो संक्रांतीपर्यंत. कारण माझे आजोबा, म्हणजे अण्णा, रोज सकाळी टाळूवर पळीभर खोबरेल थापत, आणि ते जिथे बसत तिथे जमिनीपासून पावणेतीन फुटांवर ताटलीएवढा तेलकट डाग पडलेला असे. त्याच्या शेजारी काकांचा थोडा खाली, वडिलांचा थोडा वर. चुन्याचे कितीही हात द्या, तेल मुकाट्याने खालून वर येते. पाहुणा आला आणि कोणी विचारले की 'कुठे बसू?' तर 'दोन डागांच्या मध्ये बसा' असे सांगायची सोय होती.

अण्णा गेले त्या वर्षी सुतक फिटल्यावर चुना दिला. संक्रांतीला अण्णांचा डाग पुन्हा वर आला. आत्या म्हणाली, "अण्णा आले बघ जेवायला." आजी काही बोलली नाही.

पुढे १९६४ साली माझ्या वडिलांनी सुधारणा केली. माजघराचा चुना तीन फुटांपर्यंत खरवडून त्यावर चॉकलेटी ऑइलपेंट लावला, वर चुना ठेवला आणि मध्ये काळी पट्टी ओढली. आमच्या आळीतली ती पहिली दुरंगी भिंत. लोक बघायला आले. एकाने बोट ओले करून पुसून पाहिले आणि रंग जात नाही म्हटल्यावर आपल्या वडिलांकडे रागाने बघत निघून गेला. डाग अर्थातच कोणाचाही परत आला नाही. आजीही म्हणाली, "चांगलं झालं हो, स्वच्छ दिसतं." मात्र त्यानंतर ती आपले पान स्वयंपाकघरात चुलीजवळ घेऊन बसायला लागली. मी अकरा वर्षांचा होतो. मला वाटले, तिला रंगाचा वास सहन होत नसेल.

ही हकीगत माझ्या बाजूची नाही, हे मला समजते. पण आठवली म्हणून सांगितली.

'हे सगळं जुनाट आहे,' हा आमच्या विरोधकांचा पहिला मुद्दा. जुनाट असेलही, पण आमचे एकट्याचे नव्हे. भिंतीच्या या खालच्या पट्ट्याला साहेब 'डॅडो' म्हणतो. (आपले टाइल्सवाले 'डॅडो किती फूट घेऊ?' म्हणतात तो हाच. मी बरीच वर्षे ते कोणाच्या तरी डॅडींबद्दल चालले आहे असे समजत होतो.) शब्द मूळ इटलीतला, त्याचा अर्थ फासा, म्हणजे सोंगट्यांच्या पटावर टाकतात तो. खांबाच्या बैठकीचा जो चौकोनी ठोकळा, त्याला ते नाव पडले आणि तिथून ते भिंतीच्या पायथ्याला चिकटले. अठराव्या शतकात इंग्रजांच्या घरांत जेवण झाले की खुर्च्या भिंतीला लावून ठेवत, आणि खुर्च्यांच्या पाठी भिंतीचा गिलावा खरवडून काढत. म्हणून त्यांनी बरोबर खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकली. पुढे फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने, ज्याने आधी लिनोलियम शोधून काढले होते, १८७७ साली 'लिंक्रस्टा' नावाचे जवसाच्या तेलाचे जाड, नक्षीदार, पुसता येणारे आवरण काढले आणि ते डॅडोवर बसवायची चाल पडली. म्हणजे साहेबाने भिंत खालच्या अंगाला जपली ती जेवणाऱ्या माणसांपासून, आणि माझ्या वडिलांनीही त्याच कारणासाठी. दोघांची गाठ पडली असती तर ते पट्टीच्या उंचीवरून भांडले असते, दुसरे काही नाही.

आपल्या मातीतही भिंत कधी एकरंगी नव्हती. खेड्यातल्या घराला वर पांढरी माती किंवा चुना आणि खाली कावेचा तांबडा पट्टा, हे मी तुमच्यासारखेच रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेले आहे. पावसाच्या सरींनी अंगणातला चिखल उडतो तो त्या पट्ट्यावर, आणि तांबड्यावर तांबडे दिसत नाही. तळकोकणात आणि गोव्यात तर काव आणि चुना या दोनच रंगांत देवळांच्या भिंती नक्षीने भरून काढल्या, तिला कावी कला म्हणतात. वारल्यांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे काढले ते आज दिवाणखान्यात चौकटीत लावतात. ज्या भिंतीवर काढले ती मात्र कोणी लावत नाही.

यावर सूनबाई काय म्हणाल्या? "बाबा, पण एसटी स्टँड वाटेल हो!"

हा मात्र घाव वर्मी लागला, कारण तो खरा होता. खाली गडद आणि वर फिका रंग कुठे कुठे दिसतो? एसटी स्टँड, सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा, पोलीस चौकी, टपाल कचेरी. मी रात्रभर या यादीवर विचार केला आणि पहाटे उत्तर सापडले. या सगळ्या जागा अशा आहेत, की जिथे कोणीही येऊन भिंतीला टेकतो आणि त्याला 'टेकू नका' म्हणायचा अधिकार कोणालाच नसतो. १९४८ साली पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून आख्ख्या महाराष्ट्राने ज्या भिंतीला पाठ टेकून गाडीची वाट पाहिली, ती भिंत पांढरी ठेवून चालली असती काय? उलट पंचतारांकित हॉटेलातली भिंत दुधासारखी पांढरी असते, कारण तुम्ही टेकायच्या आधी एक सुटाबुटातला माणूस येऊन 'मी आपली काय मदत करू?' असे विचारतो. आता मला सांगा, जेवणाच्या खोलीत मला माझ्या घरच्यांशी एसटी स्टँडसारखे वागायचे आहे की हॉटेलसारखे?

(सरकारी जिन्यांच्या कोपऱ्यात पान थुंकतात म्हणून तिथे देवादिकांच्या टाइल्स बसवतात, तो मुद्दा सूनबाईंनी काढला. मी त्याला उत्तर दिले नाही. आमच्या डायनिंगमध्ये कोणी थुंकत नाही.)

मग विरोधी पक्षाने विज्ञान आणले. "काका, आता आख्खी भिंतच वॉशेबल मिळते. खाली वेगळा रंग कशाला?" म्हणे. मी त्या जाहिराती पाहिल्या आहेत. त्यांत एक गोजिरवाणे पोर भिंतीवर सॉस फासते आणि त्याची हसरी आई एका हाताने तो पुसून टाकते. सॉस! त्या पोराला एकदा आमच्याकडे आमटीभात खायला पाठवा. हळदीचा गुण त्यांना माहीत नाही. हळदीचा पिवळेपणा ज्या करक्युमिनमुळे असतो, त्याला साबण, सोडा, चुना असले काही अल्कलीधर्मी भेटले की ते तांबडे होते. पूर्वी हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करत ते याच गुणावर. म्हणजे पांढऱ्या भिंतीवरची आमटीची पिवळी टिकली तुम्ही साबणाने पुसायला गेलात, तर डाग जाण्याऐवजी भिंतीला कुंकू लागते. मी हे भांडणाच्या भरात सूनबाईंच्या मैत्रिणीसमोर करून दाखवले. प्रयोग यशस्वी झाला. ज्या भिंतीवर केला ती हॉलची होती, एवढीच चूक झाली.

हा हळदीचा डाग उन्हाने विरतो, हे खरे. पण आमच्या डायनिंगमध्ये ऊन यायचे तर त्याला आधी हॉलमधून परवानगी घेऊन यावे लागेल.

तेव्हा माझे म्हणणे असे की जो डाग पडणारच आहे, तोच रंग भिंतीला आधी देऊन टाकावा. आपल्या भाषेने याची सगळी तयारी करून ठेवली आहे. आपले रंग बघा: आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, बदामी, पिस्ता, वांगी, लिंबोणी, गव्हाळ. हे काय चित्रकाराने ठेवलेले शब्द आहेत? हे जेवताना अंगावर सांडलेले शब्द आहेत. इतर कुठल्या समाजाच्या रंगपेटीवर एवढे भरपेट संस्कार झाले असतील असे मला वाटत नाही. मी खालच्या भागाला आमसुली सुचवला. 'आमसुली' म्हटल्याबरोबर सूनबाईंनी 'ई' केले आणि मुलाने मोबाइलमधूनच 'नको' म्हटले.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की म्हातारा एकतर्फी बोलतो. एक म्हणजे ऑइलपेंटचे आणि ओलीचे वैर आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. आतली ओल बाहेर टाकते. तिला तेलाचा रेनकोट चढवला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात भिंतीला पापडासारखे फुगे येतात. आमच्या बेसिनमागची भिंत चार वर्षे गोवर आल्यासारखी दिसत होती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जुन्या ऑइलपेंटांत शिसे असायचे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग नसावेत हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमची भिंत त्याच्या तेहतीस वर्षे आधीची. नवा रंग धरायचा तर ऑइलपेंटवर पॉलिशपेपर मारावाच लागतो, आणि कोरडा मारला तर ती धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या पोटात शिसे जाणे फार वाईट, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. हे सूनबाईंनी वाचून काढले, मी नव्हे. मी अण्णा, वॉल्टन आणि वारली यांच्यात गुंतलो होतो. तिने नातवाला चार दिवस आजोळी पाठवले, रंगाऱ्याकडून वॉटरपेपरने ओला घसारा करून घेतला आणि खाली जमलेला राडा कोरडा व्हायच्या आत भरून घेतला. या मुद्द्यावर मी तिला पूर्ण गुण दिले. फक्त जाता जाता म्हटले, की हा सगळा विषारी रंग चाळीस वर्षे टिकला, यावरूनच त्याची गुणवत्ता सिद्ध होते.

तर घसाऱ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी टेबलाशी उभा राहून खालचा रंग का हवा याचा उपसंहार करत होतो. सूनबाई दमल्या होत्या. मैत्रीण दोन दिवसांपासून फोन उचलत नव्हती. सौ. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. इतके दिवस ती या वादात एक शब्द बोलली नव्हती, आणि मी ते मूक पाठिंबा म्हणून धरून चाललो होतो.

"...आणि मुख्य म्हणजे," मी म्हणालो, "ही भिंत पुसता येते!"

"अहो," सौ. म्हणाली, "एक विचारू का? पुसता येते, पुसता येते, असं तुम्ही आठ दिवस सांगताय. पुसता येते म्हणजे कोणाला?"

मी म्हणालो, "कोणालाही."

"तुम्ही कधी पुसलीत?"

मी आठवून पाहिले. १९८४ पासून आठवायचे म्हणजे वेळ लागतो.

"दर शनिवारी," ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "गरम पाण्यात सोडा टाकून. अर्धी भिंत उकिडवं बसून, अर्धी वाकून. तुमच्या डोक्याचा डाग एक, चिरंजीवांच्या खेळण्याच्या मोटारीच्या रेघा, मग शाळेच्या शाईचे हात, मग आता नातवाचे. चुन्याची भिंत असती तर वर्षातून एकदा गडी आला असता आणि रंगवून गेला असता. तुम्ही भिंतीला तेल लावलंत आणि माझ्या हातात फडकं दिलंत."

"पण गडद रंगावर डाग दिसत नाही म्हणून तर..."

"बसणाऱ्याला दिसत नाही. पुसणाऱ्याला दिसतो."

मुलाने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. सूनबाई उठून सासूच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या, म्हणजे विरोधी पक्षाचे विलीनीकरण झाले. तिने विचारले, "आई, मग तुम्हाला कुठला रंग हवाय?"

सौ. थोडा वेळ काही बोलली नाही. चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला या घरात कोणी विचारला नव्हता, हे तिने सांगितले नाही. ते आम्हांला आपोआप कळले. मग म्हणाली, "एक भिंत निळी नको. जेवताना निळ्यापुढे बसलं की पानातलं सगळं शिळं वाटतं. दोन रंग द्या, खाली-वरच द्या, मला सवय झालीय. खाली ते आमसुलीसारखं चालेल. पण ज्याचा वाद त्याचं फडकं."

असा आमच्या घरातला दुरंगी सामना तिसऱ्याच उमेदवाराने जिंकला.

रंगाच्या नावाचा प्रश्न मैत्रिणीने सोडवला. तिने शेड-कार्डावर बोट ठेवून प्लम-अमुकतमुक असे एक दोन शब्दी नाव वाचले आणि सूनबाई म्हणाल्या, "वा, हा किती सुंदर आहे!" मी चष्मा लावून पाहिले. आमसूल होते. बरणीतले. मी बोललो नाही; या वयात जिंकलेले मुद्दे मोजायचे नसतात.

राहिली पट्टीची उंची. वाड्यात ती तीन फुटांवर होती, कारण माणूस पाटावर बसे. आम्ही टेबल घेतले १९९१ साली, पण पट्टी तशीच राहिली, साडेतीन फुटांवर. म्हणजे मधली सगळी वर्षे आमची डोकी पट्टीच्या वर, फिक्या भागाला टेकत होती. टेबल घेताना भिंतीला कोणी विचारत नाही. या वेळी मी स्वतः खुर्चीत बसलो, डोके टेकले आणि रंगाऱ्याला खूण करायला लावली. चार फूट दोन इंच निघाले. मुलगा माझ्याहून उंच, त्याचे चार-चार. चार इंच चुकवायला सोडून पट्टी चार फूट आठ इंचांवर ठरली. रंगारी जुना माणूस होता. त्याने वरचा फिका हात आधी संपवून वाळू दिला, दोन्ही टोकांना खिळे मारून निळीत बुडवलेली दोरी ताणली आणि मध्ये धरून टण्णकन सोडली. भिंतीवर एक निळी रेघ उमटली. ती पाहून मी म्हटले, "मिस्त्री, रेघ वाकडी आहे." त्याने लेव्हलची नळी लावली, बुडबुडा मध्ये आला. तो म्हणाला, "साहेब, रेघ सरळ आहे. बिल्डिंग वाकडी आहे."

चाळीस वर्षे आम्ही ज्या जमिनीवर ताठ मानेने वावरलो ती बेसिनच्या अंगाला पाऊण इंच उतरती असल्याचे असे कळले. रेघ जमिनीला समांतर ओढावी की आकाशाला, यावर घरात पुन्हा दोन पक्ष पडले होते, पण सौ.ने नुसते पाहिले आणि पट्टी लेव्हलने ओढली गेली.

भिंत छान झाली आहे. खालचा आमसुली रंग रात्री दिव्यात ऊबदार दिसतो, आणि वरच्या फिक्या भागावरून उजेड परतून टेबलावर पडतो, त्यामुळे ताटातला खडा दिसतो. पाहुणे 'छान' म्हणतात. एसटी स्टँड कोणी म्हटले नाही. एकाने विचारले, "हा इंटीरियरवाल्यांचा नवीन प्रकार का?" सूनबाई 'हो' म्हणाल्या.

आणि मी दर शनिवारी पुसतो. गरम पाणी आणि फडके घेतो, सोडा घेत नाही. पहिल्या शनिवारी मी ते तासाभरात उरकले आणि म्हटले, एवढेच? सौ.ने चहाचा कप खाली न ठेवता बोट दाखवले, "तिथं राहिलंय." तिथे खरेच राहिले होते. दुसऱ्या शनिवारी खुर्च्या हलवून पुसायची असते हे कळले. तिसऱ्या शनिवारी गुडघ्याने बंड केले. चौथ्या आठवड्यात, बुधवार होता, नातू शाळेतून आला, दप्तर टाकले आणि नेहमीप्रमाणे एक हात भिंतीवरून ओढत बेसिनकडे धावत गेला. पेरू खाल्लेला हात होता.

"अरे, भिंतीला हात लावू नकोस!" मी ओरडलो.

तो जागच्या जागी थांबला. "आजोबा, पण ही भिंत पुसता येते ना?"

स्वयंपाकघरात पोळ्यांचा आवाज बंद झाला.

"येते रे," मी म्हणालो, "पण पुसतो कोण?"